फळ्यावरचे गणित आणि गावातले विज्ञान : कोल्हापूरच्या शालेय विज्ञानशिक्षणाचा मागोवा

कोल्हापुरातील शालेय विज्ञानशिक्षणाचा गेल्या शतकभराचा प्रवास पाहताना दोन प्रवाह वेगळे काढावे लागतात. एक शाळेतल्या पाठ्यपुस्तकाचा, तर दुसरा नदी, धरण, मंदिर आणि फौंड्री यांच्या रूपाने सहावी ते आठवीच्या मुलाला घराबाहेर पडताच भेटणाऱ्या विज्ञानाचा. हे दोन्ही प्रवाह एकाच गावातून वाहत आले असले, तरी त्यांचा संगम फार क्वचित झाला.

राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा त्या शिक्षणाचा भर स्वाभाविकपणे लेखन, वाचन आणि हिशेब यांवर होता. आज ज्याला ‘सामान्य विज्ञान’ म्हणतात, म्हणजे भौतिक, रासायनिक आणि जैविक घटनांची एकत्रित ओळख करून देणारा विषय, त्याला शालेय अभ्यासक्रमात ठाम स्थान मिळायला पुढे बराच काळ जावा लागला. पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित प्रत्येक विद्यार्थ्याने शिकावे, ही शिफारस कोठारी आयोगाने 1966 मध्ये केली, आणि त्यानंतरच्याच वर्षी महाराष्ट्रात ‘बालभारती’ स्थापन होऊन पाठ्यपुस्तके एकसारखी झाली. या एकसारखेपणाचा लाभ खेड्यापाड्यांतील शाळांना निश्चित झाला. मात्र गडचिरोलीच्या आणि गडहिंग्लजच्या मुलाला एकच पुस्तक द्यायचे म्हटल्यावर त्यात कोणत्याही एका गावाचे विज्ञान मावणे अवघड होते.

विज्ञानाची गोडी शाळेइतकीच घरातून लागते, याचे कोल्हापूरशी जोडलेले सर्वांत परिचित उदाहरण नारळीकर कुटुंबाचे आहे. गणितज्ञ विष्णु वासुदेव नारळीकर कोल्हापूरचे. केंब्रिजमधील शिक्षणानंतर 1932 मध्ये ते बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख झाले. त्यांचे पुत्र, खगोलशास्त्रज्ञ जयंत, यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला, परंतु त्यांचे शालेय शिक्षण बनारसला आणि तेही हिंदी माध्यमातून झाले. घराच्या भिंतीवर वडिलांनी मुलांसाठी फळे बसवून घेतले होते, आणि शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहायला आलेले मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांपैकी एका फळ्यावर गणिताचे एखादे कोडे ‘आव्हान’ म्हणून लिहून ठेवत. उत्तर सापडेपर्यंत किंवा भाच्याने हार मान्य करेपर्यंत ते पुसले जात नसे. या व्यवस्थेचे मर्म कोड्याच्या अवघडपणात फारसे नव्हते, ते वेळेच्या मोकळिकीत होते, कारण पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत प्रश्न मांडून, सोडवून आणि पुसून टाकणाऱ्या शाळेला जे परवडत नाही, ते या घरच्या फळ्याला परवडत होते. सोडवलेल्या प्रश्नापेक्षा न सुटलेला प्रश्न मुलाच्या मनात अधिक काळ राहतो, हे सांगायला मानसशास्त्राचा आधार घेण्याचीही गरज नाही.

जयंत नारळीकरांनी ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रात या दिवसांकडे मागे वळून पाहिले. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर एखादा विज्ञानविषयक प्रश्न लिहून पाठवायला सांगायचे आणि त्याचे उत्तर स्वाक्षरीसह द्यायचे, ही त्यांची पद्धत त्या फळ्याचीच उलटी बाजू मानता येईल. येथे आव्हान देणारे मूल होते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 नुसार शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडायचे ठरले, आणि त्यानंतर विज्ञान व गणिताच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांसाठी नेमलेल्या सल्लागार गटाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

‘शाळेबाहेरील जीवन’ या शब्दांना कोल्हापुरात फार ठोस अर्थ आहे. राधानगरी धरण भरले की त्याचे सात स्वयंचलित दरवाजे विजेविना, पाण्याच्या वाढलेल्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. प्रत्येक दरवाजातून 1428 क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला तितके घनफूट, पाणी भोगावती नदीत येते, आणि पुढे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा व 43 फुटांना धोका ओलांडते का, याकडे सारे शहर डोळे लावून बसते. हे आकडे पावसाळ्यात शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात. तरफ आणि द्रवाचा दाब हे धडे मात्र कात्री, अडकित्ता आणि भोके पाडलेली बाटली यांच्या आधारे शिकवले जातात.

शिवाजी उद्यमनगरच्या फौंड्रींची गोष्टही अशीच आहे. बीड, म्हणजे कर्बाचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक असलेले ओतीव लोखंड, थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून साचा पाडण्यासाठी लागणारा पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा तेवढाच मोठा करावा लागतो. ज्या कारागिराने उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाची व्याख्या कधी पाठ केलेली नसते, तो ही गोष्ट रोज पट्टीने मोजत असतो, तर त्याचा मुलगा शाळेत तीच व्याख्या दोन गुणांसाठी लिहीत असतो. बाबूराव पेंटर यांनी 1918 च्या सुमारास याच गावात चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वतः घडवला, तो कोणत्याही प्रयोगशाळेच्या बळावर नव्हे, ही परंपरा येथे फार अभिमानाने सांगितली जाते. त्या अभिमानात शाळेविषयीची एक मूक तक्रारही दडलेली आहे.

सर्वांत सुंदर संधी अंबाबाईच्या मंदिरात आहे. पश्चिमाभिमुख गाभाऱ्यात 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून मूर्तीपर्यंत पोहोचतात; यालाच किरणोत्सव म्हणतात. दोन्ही तारखांपासून 21-22 डिसेंबरचा अयनदिन, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जास्तीत जास्त सरकण्याचा दिवस, मोजला तर अंतर दोन्ही बाजूंनी 41-42 दिवसांचे येते. म्हणजे जाताना आणि परतताना सूर्य आकाशात त्याच जागी, विषुववृत्ताच्या सुमारे 17 अंश दक्षिणेला असतो, आणि कोल्हापुरातून तो नेमक्या पश्चिमेच्या जवळजवळ 18 अंश डावीकडे मावळताना दिसतो. सातवीच्या मुलाला एक दिनदर्शिका आणि कोनमापक दिला, तर हे सारे त्याला स्वतः काढता येईल. पण अयने भूगोलात, प्रकाशाचे सरळ रेषेत जाणे विज्ञानात आणि कोन गणितात शिकवले जात असल्यामुळे, किरणोत्सव तिन्ही तासिकांच्या मधल्या सुट्टीत हरवतो.

बालवैज्ञानिक स्पर्धा आणि 1993 पासूनची राष्ट्रीय बालविज्ञान परिषद यांनी स्थानिक प्रश्नांवर काम करण्याची वाट थोडीफार उघडली, तरी त्या वाटेवर वर्गातील निवडक मुलेच जातात. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होण्याचा दिवस, सर्वांना एकत्र पाहता आला असता. साधारण 16.7 अक्षांशावरील कोल्हापुरात तो वर्षातून दोनदा येतो : एकदा 6 मेच्या आसपास, जेव्हा शाळांना उन्हाळी सुट्टी असते, आणि पुन्हा 6 ऑगस्टच्या सुमारास, जेव्हा पंचगंगा पात्राबाहेर असते आणि आकाशात सूर्य दिसत नाही.