आठ मुलांची टक्केवारी

लेखमाला : शाळा, चाचणी आणि आकडे – लेखांक ६

चाचणीचा पेपर कसा बेततात आणि एकाच क्षमतेवर सोपे-अवघड प्रश्न का ठेवतात, ते मागच्या लेखात पाहिले. आता पेपर तपासून झाले, गुण भरले गेले आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत सगळ्या शाळांचा तक्ता पडद्यावर आला, असे समजू. त्या तक्त्यात सर्वांचे डोळे एकाच रकान्यावर जातात : अपेक्षित क्षमता गाठलेल्या मुलांची टक्केवारी. वरच्या शाळेचे अभिनंदन होते, खालच्या शाळेच्या गुरुजींना उभे करून कारण विचारले जाते. या रकान्यावर इतका भार टाकावा का, हा आजचा विषय. माझे उत्तर स्पष्ट आहे : शाळा लहान असेल तर मुळीच टाकू नये.

आणि आपल्याकडे लहान शाळा थोड्या नाहीत. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या घरात असल्याचे २०२३ साली चर्चेत होते. पहिली ते चौथी मिळून वीस मुले म्हणजे एकेका वर्गात चार-पाच. त्याहून थोडी मोठी शाळा घेतली तरी चौथीत आठ-दहा मुले. आठांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर एक मुलगी गेली, एकाला चाचणीच्या दिवशी ताप आला, की शाळा तक्त्यात पाच-सहा पायऱ्या खाली येते. शिकवणे मात्र होते तसेच असते.

हे नीट समजायला एक हिशेब करू. एका केंद्रात चौदा शाळा आहेत आणि प्रत्येकीच्या चौथीत आठ मुले. सगळ्या शाळा अगदी सारख्या आहेत असे माना : शिक्षक तितकेच मेहनती, पुस्तके तीच, आणि प्रत्येक मूल क्षमता गाठण्याची शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे प्रत्येक शाळेची ‘खरी’ टक्केवारी पन्नास. आता प्रत्येक मुलासाठी एक नाणे उडवा. आठ नाण्यांपैकी सहा किंवा अधिक छापे पडण्याची शक्यता २५६ मध्ये ३७, म्हणजे सातांत एक. दोन किंवा कमी छाप्यांची शक्यताही तितकीच. तेव्हा चौदा शाळांपैकी साधारण दोन शाळा पंच्याहत्तर टक्क्यांवर किंवा त्याच्याही वर दिसतील आणि दोन पंचवीस किंवा त्याखाली. शाळांमध्ये काडीचाही फरक नसताना! एका शाळेला ‘आदर्श’ म्हणायला आणि दुसरीला नोटीस काढायला एवढे अंतर पुरेसे होते. हेच प्रत्येक शाळेत ऐंशी मुले धरून केले, तर एखादी शाळा योगायोगाने पंच्याहत्तर टक्के गाठण्याची शक्यता लाखात एकाहूनही कमी उरते.

याच्या मुळाशी असलेला नियम अठराव्या शतकात आब्राहम द मुआव्ह्र या गणितज्ञाने मांडला. सरासरीतली अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. अनिश्चितता निम्मी करायची तर मुले चौपट हवीत. नऊ मुलांऐवजी एक्याऐंशी असतील तेव्हा ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. आठ मुलांच्या वर्गात पन्नास टक्क्यांमागे साधारण अठरा टक्क्यांचे इकडेतिकडे होणे अगदी स्वाभाविक आहे.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. सर्वांत चांगल्या निकालाच्या यादीत लहान शाळा बऱ्याच दिसतात, म्हणून शाळाच लहान करा, असा विचार तिथे जोर धरू लागला आणि गेट्स फाउंडेशनने त्यावर मोठा पैसा लावला. संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १,६६२ शाळांचे पाचवीच्या वाचन चाचणीचे निकाल तपासले. अव्वल पन्नास शाळांपैकी सहा शाळा राज्यातल्या सर्वांत लहान पन्नासांपैकी होत्या. योगायोगाने एक-दोन असायला हव्या होत्या. पण त्यांनी यादीचा तळही पाहिला. शेवटच्या पन्नासांत त्याच लहान शाळांपैकी नऊ होत्या! लहान शाळा दोन्ही टोकांना गर्दी करतात, कारण त्यांचा निकाल जास्त हेलकावतो. लहान शाळेचे इतर फायदे असतीलही, मला स्वतःला ते आहेत असे वाटते. पण अव्वल यादीतली गर्दी हा त्यांचा पुरावा नव्हे.

आता यातून निघणारी, मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. जी शाळा यंदा योगायोगाने वर गेली ती पुढच्या वर्षी बहुधा खाली येईल, आणि तळाची वर सरकेल. दोघी आपापल्या सरासरीकडे परततात, एवढेच. पण दरम्यान एकीचा सत्कार झालेला असतो आणि दुसरीला खडसावलेले असते. मग तपासणीला येणाऱ्या साहेबांचा अनुभव काय सांगतो? कौतुक केले की शाळा ढिली पडते, दम दिला की सुधारते. इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांनी हेच मत मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्यापुढे मांडले होते : उत्तम उड्डाणानंतर शाबासकी दिली की पुढचे उड्डाण बिघडते, ओरडले की सुधारते. काहनेमन यांच्या ध्यानात आले की ओरडण्याचा यात काही संबंधच नाही. फार चांगल्या किंवा फार वाईट उड्डाणानंतरचे उड्डाण साधारणच असणार. ते प्रशिक्षक वाईट माणसे नव्हती. अनुभवच त्यांना चुकीचे शिकवत होता. आपल्या कितीतरी गुरुजींनी आणि बाईंनी वर्षानुवर्षे ऐकून घेतलेले कडू बोल अशाच अनुभवातून आलेले आहेत.

म्हणून चाचण्या बंद कराव्यात, असे मी म्हणणार नाही. त्या वेगवेगळ्या कामांसाठी असतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेले परख राष्ट्रीय सर्वेक्षण सुमारे एकवीस लाख मुलांवर बेतलेले होते. त्यातून राज्याचे, जिल्ह्याचे चित्र काढायचे असते. ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण जिल्ह्यातली तीस गावे आणि गावातली वीस घरे घेतात. मुलांच्या घरी जाऊन त्यांना वाचायला लावतात, पण त्यातून कोणा एका शाळेबद्दल निवाडा देत नाहीत. शाळेतल्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे काम आणखी निराळे. तिथे समोर आठच मुले असतात, आणि आठ मुलांसाठी टक्केवारीची गरजच काय? कोणाला हातच्याची वजाबाकी येत नाही, कोण जोडाक्षरापाशी अडते, हे नावानिशी सांगता येते. बाईंना सोमवारी वर्गात उपयोगी पडणारी माहिती हीच, आणि टक्केवारी काढताना नेमकी हीच गळून पडते.

तरी वरिष्ठांना आकडा हवाच असेल तर तीन वर्षांच्या चौथ्या एकत्र करून द्यावा. मुले चोवीस होतात, अठरा टक्क्यांचा हेलकावा दहावर येतो. दहा टक्केही कमी नव्हेत, तेव्हा त्यावरूनही क्रमवारी लावू नये. आणि तक्त्यात ‘६२.५’ असे लिहिणे आधी थांबवावे. दशांश चिन्हाने त्या आकड्याला नसलेली अचूकता येते. ‘८ पैकी ५’ लिहावे, शेजारी मागच्या दोन वर्षांचे ‘७ पैकी ३’, ‘९ पैकी ६’ असू द्यावे. केंद्रप्रमुखांना यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही. पुढच्या परिषदेत रकान्याचे शीर्षक बदलले की झाले.

चाचणीच्या दिवशी जी मुले वर्गात नसतात, त्यांचे तक्त्यात काय होते, हे पुढच्या आठवड्यात.