दंतकाष्ठ, मशेरी आणि ब्रश

विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली असून त्याची लांबी आठ अंगुळांपुरती मर्यादित ठेवली आहे. दातांची निगा आपल्या परंपरेस परकी नाही. तरीही आमच्या बीड जिल्ह्यातील अनेक घरांत आजही दातांना मशेरी लावली जाते. ऊसतोडीच्या कोपीवर पहाटे चूल पेटण्यापूर्वी आई ती लावते आणि लेकरू पाहून शिकते. सुट्टीहून परतलेल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या बोटावरील काळा डाग आम्हांस पुष्कळ सांगून जातो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिची तलफ लागते, दातांची राखण होत नाही.

मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून हलक्या हाताने दोन मिनिटे फिरवावा. फटींत तो पोहोचत नाही. तेथे फ्लॉसचा दोरा हळुवार सरकवून प्रत्येक दाताच्या कडेने वरखाली न्यावा. (शिवणाचा दोरा नको, तो हिरडीस कापतो.) रात्रीचे घासणे आम्ही अधिक महत्त्वाचे मानतो, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि अडकलेल्या अन्नावर जंतू आम्ल तयार करीत राहतात. वसतिगृहात हे आम्ही करवून घेतो. सुट्टीत मुलाच्या पेटीतून ब्रशही घरी येतो का, एवढे पालकांनी पाहावे.