खाचरांतला अड्डा : भिवंडीकडच्या बिनजोड शर्यती

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, मुरबाड हे तालुके आणि शेजारचा रायगड जिल्हा या पट्ट्यात बैलगाडा शर्यतीचा जो प्रकार रुजला आहे, त्याला बिनजोड म्हणतात. दोन छकडे, प्रत्येकाला दोन बैल आणि वर एक हाकणारा. दोन्ही एकाच वेळी सुटतात आणि ज्याचे बैल आधी निशाण ओलांडतात तो जिंकतो. इथे गट नसतात, उपांत्य फेरी नसते, सेकंद मोजणारे घड्याळही नसते. समोरासमोरची एकच लढत आणि तिचा तिथेच निकाल. शर्यत भरते त्या जागेला या भागात ‘अड्डा’ म्हणतात आणि विजयाला ‘गुलाल’.

अड्डा उन्हाळ्यात भरतो याचे कारण इथल्या शेतीत आहे. भिवंडी तालुका पावसाच्या पाण्यावरच्या भाताचा. दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग झोडणी, आणि त्यानंतर बहुतेक खाचरे पुढच्या पावसाळ्यापर्यंत रिकामी. माघ-फाल्गुनात माती वाळून टणक होते. तेव्हा बांध सपाट करायचे, भाताची खुंटे आणि दगड वेचायचे, भेगा बुजवायच्या आणि धूळ बसावी म्हणून पाणी शिंपायचे, की धावपट्टी तयार. उन्हाळ्याच्याच महिन्यांत गावदेवीच्या जत्राही येतात. वज्रेश्वरीची मोठी यात्रा चैत्रातली. जत्रा, मोकळी शेते आणि हाताला उसंत, या तिन्हींचा मेळ चैत्र-वैशाखातच बसतो.

राज्यात शर्यतीचे रूप सगळीकडे सारखे नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत ‘घाट’ असतो. तिथे चार बैलांचा गाडा चढावर धावतो, गाड्यावर माणूस नसतो, पुढे घोडेस्वार असतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. सातारा-सांगलीकडे ‘मैदान’ असते. आखलेल्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकत्र सुटतात आणि गटातून अंतिम फेरी गाठावी लागते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतले मैदान त्यासाठी नावाजलेले. विदर्भात शंकरपट, तर अलिबागच्या बाजूला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरच्या शर्यती.

धावणारा बैल बहुतेक खिल्लार जातीचा. आटपाडी, म्हसवड, सांगोला या माणदेशी दुष्काळी मुलखातली ही जात आहे. अंग सडपातळ, रंग पांढरा ते करडा, शिंगे लांब व मागे झुकलेली, खूर कठीण आणि स्वभाव तापट. कोकणच्या चिखलात भातशेती करणारा गावठी बैल बुटका आणि सोशीक असतो, पण वेगात खिल्लाराला गाठू शकत नाही. म्हणून इथले शौकीन घाटावरच्या बाजारांतून खोंड आणतात. वय दातांवरून सांगतात: दुधाचे दात असलेला तो ‘आदत’, दोन पक्के दात आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’. पुढचे सगळे खुराक आणि सरावावर. कडबा आणि पेंड तर असतेच, शिवाय भरडा, उडीद, दूध, अंडीही दिली जातात. बैल डाव्या खांद्याला चांगला पळतो की उजव्या, आणि गर्दीच्या बाजूने जुंपल्यावर बुजतो का, हे मालक फार बारकाईने पाहतो. पुष्कळदा दोन्ही बैल एकाच मालकाचे नसतात. एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा अशी जोडी जमवतात. तिला ‘पैरा’ म्हणतात. गावोगावची मैत्री आणि वैर दोन्ही या पैऱ्यांतून वाढते, आणि जाणता प्रेक्षक आधी पैरा कोणाचा हेच विचारतो.

लढत आधी ठरते. दोन्ही मालक मान्य झाले की नावे नोंदतात, बाजू ठरवतात. खरी कसोटी सुटण्याच्या रेषेवर असते. तापलेले बैल एका ओळीत उभे करणे हे जिकिरीचे काम. चार-पाच जण वेसण आणि जू धरून उभे असतात. झेंडा पडताच ते बाजूला उडी घेतात. त्यानंतरचा खेळ काही सेकंदांचा आहे आणि त्यात पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे जोडीची चाल. दोन्ही बैलांचे पाऊल एकत्र पडत असेल तर जू स्थिर राहते आणि छकडा सरळ जातो. एक पुढे ओढत असेल तर छकडा तिरपा होतो आणि वेग तिथेच वाया जातो.

या शर्यती मधली काही वर्षे बंद होत्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार यादीतल्या काही प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत. त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने तीत बैलाची भर पडली. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह मार्ग मोकळा केला आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

मनाईमागची कारणे खोटी नव्हती, हे शौकिनांनी मान्य करायला हवे. चाबूक, खिळा लावलेली काठी, शेपटी पिरगळणे, विजेचा झटका हे प्रकार होत होते. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, अनामत भरावी लागते, धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब चालत नाही, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी होते आणि काठी, चाबूक, झटका यांना पूर्ण मज्जाव आहे. नियम मोडल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बिनजोडीला पैजेची जुनी सवय आहे. तिला कायद्यात थारा नाही.

पाहायला जाणाऱ्याने उन्हे कलल्यावर जावे. घोड्याच्या मानाने बैलाला घाम कमी येतो आणि किनाऱ्याजवळच्या दमट हवेत तो लवकर वाळतही नाही. म्हणून भर दुपारची धाव जनावराला सोसत नाही. सावली आणि पाण्याची सोय जिथे माणसांआधी बैलांसाठी केलेली दिसेल, तो अड्डा चांगला समजावा. निशाणाच्या पुढे मात्र कधीच उभे राहू नये. छकड्याला थांबायला तिथेही बरीच जागा लागते, आणि प्रेक्षक चिरडले जातात ते बहुधा दोरी ओलांडून आत आल्यामुळेच.

शर्यतीपुढची आजची अडचण न्यायालयात नाही, जमिनीत आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे या पट्ट्यातल्या पुष्कळशा भातखाचरांवर आता गोदामे आहेत. मुंबईसाठी माल साठवणारी ही गोदामे भिवंडीला मोठा रोजगार देतात, पण भराव घातलेल्या जमिनीवर ना भात उगवतो ना छकडा धावतो. लांबलचक, सपाट, विनाअडथळा पट्टी मिळेनाशी झाली की अड्डे तालुक्याच्या कडेला सरकत जातील. ज्या गावांत अजून अशी जमीन आहे, तिथल्या ग्रामसभांनी शेवटच्या शेताचा सौदा होण्याआधी एक मैदान राखून ठेवावे. मुलांच्या क्रिकेटलाही ते लागणारच आहे.