हमीचे ओझे, विम्याचा आधार

सरकारी रस्त्याचे वा पुलाचे काम मिळाले की कंत्राटदाराला प्रथम कार्यपूर्तीची हमी द्यावी लागते. बँक गॅरंटीपोटी ठेवलेली मार्जिनची रक्कम अडकते आणि सिमेंट, पोलाद, मजुरी यांसाठी खेळते भांडवल अपुरे पडते. यावर पर्याय म्हणून १ एप्रिल २०२२ पासून भारतात विमा कंपन्यांच्या ‘शुअरिटी बाँड’ला वाट मोकळी झाली, केंद्राच्या वित्तीय नियमांनीही तो ग्राह्य मानला.

मात्र एक भेद ध्यानी असावा. हा बाँड सरकारचे हित राखतो. काम अर्धवट राहिल्यास विमा कंपनी सरकारला भरपाई देते. पण ती कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क राखूनच. पूर, आग यांनी बांधकामाची हानी झाल्यास उपयोगी पडतो तो ‘कंत्राटदार सर्व जोखीम’ विमा. तो स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही.