मुतखडा कोणाकडे न्यायचा?

मी गडचिरोली जिल्ह्यातला जनरल सर्जन. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स ही रोजची कामं. लघवी अडलेल्या म्हाताऱ्याला नळी घालतो. ती गेली नाही तर ओटीपोटातून सुईने मूत्राशय रिकामं करतो. पण पाठीतून छिद्र करून किडनीतला मोठा खडा फोडायचा असेल, तर रुग्णाला नागपूरला पाठवतो. "तुमीच करून टाका ना, साहेब," असा नातेवाइकांचा आग्रह असतो. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, अनोळखी शहर. त्यांचं म्हणणं मला कळतं.

मग त्यांना वर्षं मोजून दाखवतो. इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच, सर्जरीच्या एमएसची तीन. मी इथे थांबलो. युरॉलॉजिस्ट पुढची प्रवेशपरीक्षा देऊन आणखी तीन वर्षं फक्त किडनी, मूत्रनलिका, मूत्राशय, प्रोस्टेट आणि पुरुषांची जननेंद्रियं शिकतो. त्यानंतर कुणी कॅन्सरकडे वळतं, कुणी लहान मुलांच्या जन्मजात दोषांकडे, कुणी किडनी प्रत्यारोपणाकडे.

आमच्या भागात या शिक्षणाचं मोल सिकलसेलमध्ये कळतं. गोंड, माडिया आणि इतरही समाजांत हा आजार आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींमुळे शिश्नात रक्त अडकतं. लैंगिक इच्छेशी संबंध नसताना ते ताठ राहतं आणि असह्य दुखतं. चार तास उलटले की ती आणीबाणी असते. उशीर झाला तर आतला भाग कायमचा निकामी होऊ शकतो. तरुण पोरं लाजेने रात्रभर कुणाला सांगत नाहीत. भामरागडहून चार तासांत नागपूर गाठता येत नाही. म्हणून युरॉलॉजिस्टला फोनवर घेऊन मी साचलेलं रक्त सुईने काढतो. सिकलसेलच्या नुसत्या वाहकालाही लघवीतून रक्त जाऊ शकतं. सोनोग्राफीत खडा दिसला नाही म्हणून अशा माणसाला घरी पाठवू नये.

मग युरॉलॉजिस्ट ओळखायचा कसा? अमेरिकेत प्रशिक्षणानंतर युरॉलॉजी बोर्डाची वेगळी परीक्षा असते. आपल्याकडे युरॉलॉजीतली विद्यापीठाची एम.सीएच. किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी पाहायची, आणि तिची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंद आहे का ते विचारायचं. काही महिन्यांची फेलोशिप तिची जागा घेत नाही. रुग्णाने हे विचारण्यात डॉक्टरचा अपमान नाही. मला विचारलं तर मी सरळ सांगतो, की माझ्याकडे ही पदवी नाही.

पण पदवीवाल्यांकडेही माझं एक मागणं आहे. खडा काढल्यावर किडनी ते मूत्राशय अशी डीजे स्टेंट नावाची बारीक नळी अनेकदा ठेवतात. ती ठरल्या वेळी काढावीच लागते. राहून गेली तर तिच्यावरच खडे चढतात. आमचा माणूस दुखणं थांबलं की तेंदूपत्त्याच्या हंगामाला निघून जातो. पोटात नळी आहे हेही कित्येकांना ठाऊक नसतं. सुटीच्या कागदावर ते इंग्रजीत असतं. तिथे मराठीत, ठळक अक्षरांत, नळी काढायची तारीख लिहा आणि गावातल्या आशाताईचा फोन नंबर मागून घ्या.