दावत सोपी असावी, रांधणारीलाही जेवता यावी

आपल्याकडे दावत ठरली की घराचे दोन भाग होतात. बैठकीत दस्तरखान, हसणे-बोलणे, मुलांचा गलका. आणि स्वयंपाकघरात दोन-तीन बाया घामाघूम. पाहुणे हात धुऊन पानसुपारीला बसतात तेव्हा घरची बाई उरलेल्या रश्श्यात कोरडी रोटी बुडवत असते. इफ्तारच्या दावतीत तर अनेक घरांत तिचा रोजाही चुलीजवळ उभ्या-उभ्याच सुटतो. पाहुणचार ही आपल्या दीनची शिकवण आहे यात शंका नाही. पण पदार्थांची संख्या म्हणजे पाहुणचार, हे आपणच ठरवून घेतले आहे. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याची मोकळीक आहे, त्याच आयतीत इस्राफची मनाई आहे. इस्राफ फक्त अन्नाचा होत नाही. घरच्या माणसाच्या शक्तीचाही होतो.

म्हणून या लेखात आपण दहा-बारा माणसांच्या दावतीचा असा बेत पाहू, जो नागपूरच्या कोणत्याही साध्या स्वयंपाकघरात एका दिवसात होईल आणि रांधणारी सर्वांसोबत जेवायला बसेल. बेत चारच गोष्टींचा: यखनी पुलाव, दह्याची कोशिंबीर, फळे आणि संत्र्याचा केक.

एका पातेल्याचा पुलाव

एक किलो तांदूळ आणि सव्वा किलो मटण दहा-बारा जणांना पुरते. यखनी आदल्या संध्याकाळीच करून ठेवावी. मटणात आले-लसूण, मीठ, खडा मसाला आणि पातळ कापडात बांधलेली धणे-बडीशेपेची पुरचुंडी घालून भरपूर पाण्यात शिजवावे. मटण नव्वद टक्के शिजले की थांबावे, उरलेले भातासोबत शिजते. यखनी गाळून, निववून, मटणासह फ्रीजमध्ये ठेवावी. कांदाही आदल्या दिवशी तळून डब्यात भरता येतो.

दावतीच्या दिवशी काम उरते तासाभराचे. तांदूळ अर्धा तास भिजवावा, तेलात मटण आणि तळलेला कांदा परतावा, दोन चमचे दही घालावे, यखनी ओतून उकळी आणावी आणि तांदूळ सोडावा. भिजलेल्या जुन्या बासमतीला एका वाटीस दीड वाटी यखनी पुरते. भंडारा-गोंदियाकडचा नवा तांदूळ असेल तर त्याहून थोडी कमी घ्यावी, नाहीतर भात गिचका होतो. पाणी आटत आले की झाकण घट्ट लावून, खाली तवा ठेवून, अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे दम द्यावा.

पुलावाऐवजी सालन करायचे असेल, तर चाळीस रोट्या घरीच लाटण्याचा हट्ट सोडावा. नागपुरात उपड्या मडक्यावर भाजलेली लांब रोटी करून विकणाऱ्या बाया आहेत. हातावर पातळ ताणत नेलेली ती रोटी घरी जमणे सोपे नाही. त्यांच्याकडून ती घेतली तर आपले दोन तास वाचतात आणि एका घराची चूल पेटते.

ओव्हन नसला तरी केक

मुलांचा वाढदिवस असो की ईदनंतरची बैठक, बाजारच्या केकवर मोठी रक्कम जाते. क्रीमचा थर काढून पाहिला तर खाली साधाच केक असतो. तो घरी कुकरमध्ये उत्तम होतो आणि नागपूरकरांना त्यात घालायला संत्रे आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे मुख्य बहार दोन. आंबिया बहाराचे संत्रे थंडीच्या सुरुवातीला येते, मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असते, त्यामुळे २०१८ मध्ये मे-जूनच्या रखरखीत आलेला रमजान २०२५ मध्ये मार्चमध्ये, म्हणजे मृग बहाराच्या सुमारास आला. पुढची काही वर्षे तो थंडीकडे सरकत जाईल, तेव्हा इफ्तारच्या केकला बाजारात ताजे संत्रे मिळेल.

साहित्य (सर्व मापांना एकच कप घ्यावा):
मैदा दीड कप, पिठीसाखर एक कप, तेल अर्धा कप, संत्र्याचा गाळलेला रस अर्धा कप, अंडी दोन, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, खाण्याचा सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, दोन संत्र्यांची किसलेली साल.

साल संत्रे सोलण्याआधीच किसावी. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर धरता येत नाही. फक्त वरचा केशरी भाग घ्यावा. खालचा पांढरा भाग कडू असतो.

कुकरची रिंग आणि शिट्टी काढावी. तळाशी बोटभर जाड मिठाचा थर देऊन वर जाळी किंवा वाटी ठेवावी. पाणी अजिबात घालायचे नाही. झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवावा. तोवर अंडी आणि साखर फेस येईपर्यंत फेटावीत, तेल आणि साल घालावी, मग चाळलेला मैदा व इतर कोरडे जिन्नस आणि रस आलटून पालटून घालत हलक्या हाताने मिसळावे. मिश्रण तेल-मैदा लावलेल्या सात इंची भांड्यात ओतून लगेच कुकरमध्ये ठेवावे. रसाच्या आंबटपणाने सोडा ताबडतोब फुलू लागतो, वेळ दवडला तर केक बसतो. मंद आचेवर चाळीस ते पन्नास मिनिटे. पहिली अर्धा तास झाकण उघडू नये. सुरी घालून कोरडी निघाली की झाला. ते मीठ बरणीत भरून पुढच्या केकला पुन्हा वापरता येते, स्वयंपाकात मात्र नको. यासाठी एखादा जुना कुकर वेगळा ठेवलेला बरा.

लेबल वाचायची सवय

या केकमध्ये इसेन्स नाही, हे लक्षात आले असेल. संत्र्याच्या सालीतच सुगंधी तेल असते. बाजारातल्या अनेक इसेन्समध्ये अल्कोहोल असते, त्यामुळे बाटलीवरचे घटक वाचावेत आणि शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे. पाकिटावरचे हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते, अल्कोहोलबद्दल ते काही सांगत नाही. जेली आणि मार्शमॅलोमधले जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून बनते. त्याऐवजी समुद्री शेवाळापासून बनणारा चायना ग्रास वापरला तर प्रश्नच मिटतो. रंगांमध्ये १२० हा क्रमांक दिसला तर तो किड्यांपासून काढलेला लाल रंग असतो, हेही मुलींना आणि मुलांना शिकवून ठेवावे.

काम कोणाचे?

बेत कितीही सोपा केला तरी एकाच माणसाने केला तर तो जडच. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत, असे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. ही सुन्नत आपल्या घरांत फारशी पाळली जात नाही. कांदा चिरणे, अंडी फेटणे, दस्तरखान अंथरणे, जेवणानंतर भांडी विसळणे यांतले एकही काम असे नाही, जे दहा-बारा वर्षांच्या मुलाला किंवा त्याच्या अब्बांना जमणार नाही. दावत ठरते त्याच दिवशी कामे वाटून घ्यावीत. ऐनवेळी हाक मारली की सगळ्यांना दुसरे काम आठवते.

शेजारच्या घरचा, धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा आणि इमारतीच्या रखवालदाराचा वाटा दस्तरखान लागण्याआधी, पातेले उघडल्याबरोबर काढावा. उरले म्हणून दिलेले आणि आठवणीने काढून ठेवलेले, यात घेणाऱ्याला फरक कळतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अशा दिवसांत शिजवलेला भात तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नये. पसरट ताटात निववून फ्रीजमध्ये ठेवावा आणि पुन्हा खाताना वाफ येईपर्यंत गरम करावा.

सहा पदार्थांच्या दावतीतले कोणते चांगले होते हे पाहुणे आठवड्यात विसरतात. घरची बाई आपल्यासोबत निवांत बसली, बोलली, तिने पहिला घास सगळ्यांबरोबर घेतला, हे मात्र घरातल्या मुलांच्या लक्षात राहते. पुढे त्यांच्या घरची दावत कशी असेल, हे ती तिथेच शिकतात.