ओंडक्याची नोंद आणि संगणक

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. परंतु सागवानाच्या व्यापाराने हे दोन्ही जिल्हे आजही एकमेकांशी जोडलेले आहेत. १९७४ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र वन विकास महामंडळाचे बल्लारपूर येथील लाकूड आगार सर्वपरिचित आहे. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली सागवान बल्लारपुराहूनच रवाना झाले.

व्यवसायातील साठा, विक्री, मजुरी व हिशेब या सर्व बाबी एकाच संगणकीय नोंदीवर आणणाऱ्या प्रणालीस ‘ईआरपी’ असे म्हणतात. यंत्रे खरेदी केली की काम झाले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः खरे नियोजन त्यापूर्वीचे असून लाकडाच्या व्यवसायात ते ओंडक्यापासून सुरू होते.

कूपातील झाडावर क्रमांक घातला जातो. तोडीनंतर त्याचे ओंडके होतात, प्रत्येकाची लांबी व गोलाई मोजली जाते, त्यावर हातोड्याचा ठसा उमटवला जातो आणि वाहतूक परवान्यासह माल आगारात येतो. तेथे प्रतवारी होऊन थप्प्या लागतात व लिलाव होतो. प्रत्येक टप्प्यावर वही वेगळी आणि क्रमांकही वेगळा असेल, तर संगणक तोच गोंधळ अधिक वेगाने करील. तेव्हा कूपात पडलेला क्रमांक लिलावाच्या पावतीपर्यंत कायम राहील, हे प्रथम ठरविले पाहिजे. तसे झाल्यास वाटेत गहाळ झालेला ओंडका चटकन उघडकीस येतो आणि तोडणाऱ्या मजुराची मजुरी वह्यांचा मेळ लागेपर्यंत अडून राहत नाही.

गोलाईच्या चतुर्थांशाचा वर्ग गुणिले लांबी, हे घनफळाचे रूढ सूत्र होय. ३ मीटर लांब व १२० सेंटिमीटर गोलाईचा ओंडका ०.२७ घनमीटर भरतो. गोलाई चुकून १३० लिहिली गेली, तर घनफळ सुमारे ०.३१७ येते, म्हणजे एक षष्ठांशाहून अधिक फुगते. संगणक गुणाकार अचूक करील. टेप नीट धरली होती की नाही, हे मात्र त्यास कळणार नाही. यास्तव प्रणालीचा आराखडा करताना वनरक्षक व मोजणी करणारे कर्मचारी यांना प्रथम विचारावे. मुख्यालयातील लेखाधिकाऱ्यांचा क्रम त्यानंतरचा.

दाट जंगलात दूरध्वनीचा संपर्क भरवशाचा नसतो. म्हणून कूपातील नोंद हातातील यंत्रात साठवून आगारात पोहोचल्यावर पुढे पाठविण्याची सोय हवी, आणि पहिला हंगाम तरी कागदी वही सोबत चालू ठेवावी. बदलाचा आरंभ ऐन तोडीच्या दिवसांत करू नये. पावसाळ्यात कूपातील काम थंडावते. आगारातील जुना साठा प्रत्यक्ष मोजून प्रणालीत उतरविण्यास तोच काळ सोयीचा होय.